पूजेपुरती पाठ

लेकीचं, कृपाचं लग्न होऊन ती कोपरगावला नांदायला गेली, ते १९४६ साल. पारनेरजवळच्या सरकारी शेतावर शलमोन एकटा उरला. बायको मरिया बांधापलीकडे चिंचेखाली पुरलेली होती.

शेतावर ज्वारीचे दोन सारखेच लहान तुकडे होते. एकात गावचं जुनं बी, दुसऱ्यात शलमोननं वर्षानुवर्षं कणसं निवडून तयार केलेलं. मागच्या हंगामांचं हे बी कोठारात पोत्यांनी पडून होतं, वाटपाच्या हुकमाची वाट बघत. आता दोन्ही राशी शेतकी खात्याच्या साहेबांसमोर मोजायच्या होत्या. शलमोनची रास जास्त भरली नाही, तर शेत बंद आणि त्याची बदली लांब, उसाच्या मुलखात.

शलमोनच्या आधी या शेतावर असलेल्या माणसानं घरी बसून आकडे फुगवले होते. त्याची नोकरी गेली. म्हणून शलमोन मळणीपासून खळ्यावरच झोपायचा. दाणे मागायला आलेल्या बलुतेदारांनाही त्यानं मोजणी होईपर्यंत परत पाठवलं. गावानं त्याच्याकडे येणं सोडलं.

यायची ती फक्त राहीबाई, शेतावरची राखणदारीण. दुपारी त्याच्यासाठी भाकरी आणायची.

"भाकरी लाल का हो?"

"रेशनची हाय. गिळा गुमान."

"गेल्या साली राखणीबद्दल माझ्या तुकड्यातली ज्वारी दिली होती, ती संपली?"

"व्हय. लई ग्वाड लागली. बोटं चाटली समद्यांनी."

शलमोनला बरं वाटलं. त्याच्या ज्वारीला कुणी गोड म्हटलं की तो दिवसभर तेच आठवायचा.

"रास कमी भरली तर जानार व्हय, दादा?"

"जावं लागेल."

"मरियाबाईस्नी हितं टाकून?"

तो चिंचेकडे बघत राहिला.

"मग म्या शिव्या कुनाला देऊ?" म्हणत ती हसली. पण बराच वेळ उठली नाही.

मोजणीच्या सकाळी ती डोक्यावर पाटी घेऊन आली. मान ताठ, एक हात पाटीला. पाटीवर फडकं, फडक्यावर हळदीकुंकवाचा करंडा.

"रास पुजल्याबिगर माप लावू नगा."

"पूजा तुमची तुम्ही करा. आमच्यात चालत नाही. मी बघणार नाही."

"मग फिरवा पाठ. येशूला सांगत न्हाई म्या."

शलमोन चिंचेखाली जाऊन बसला, खळ्याकडे पाठ करून. मागे बांगड्या वाजत होत्या. मरियाच्या मातीवरची पानं तो वेचत राहिला.

"झालं, दादा."

त्याच्या राशीवर हळदकुंकू होतं. राहीबाई हातात पाटी हलवत बांधावरून निघून गेली.

दुपारी साहेब आले. गोरक्ष मापाऱ्यानं 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणून पहिलं माप टाकलं. शलमोनची रास जुन्या बियापेक्षा थोडी जास्त भरली. थोडीच, पण जास्त.

"रास कधी नजरेआड झाली होती?" साहेबांनी विचारलं.

"पूजेपुरती पाठ फिरवली होती, साहेब."

"पाया पडताना कोण चोरतं?" साहेब हसले. "एवढंही लपवत नाही! असा सच्चा माणूस या खात्यात मी पाहिला नाही."

हुकूम आला. पेरणीच्या आधी कोठारातलं बी आसपासच्या गावांना वाटलं गेलं. शलमोन शेतावरच राहिला.

दिवाळीनंतर राहीबाई तापानं गेली. शलमोन तिच्या घरी भेटायला गेला. सून दगडाबाईनं घोंगडं टाकलं.

"मी दिलेली ज्वारी तिला फार आवडायची," तो म्हणाला. "मूठभर उरली असेल तर द्या. तिच्या नावानं शेतात टाकीन."



"त्या जवारीची भाकर आमच्यात कंदी झालीच न्हाई, दादा. आत्याबाईंनी कुनाला हात लावू दिला न्हाई. पूजेच्या दिशी समदी पाटीत भरून तुमच्याकडंच न्हेली की."

राहीबाई १९४६ च्या कार्तिकात वारली. तेव्हा शलमोनचं बी गावोगाव उगवून वर आलं होतं.