उजवीकडची फेरी

मशीन पुन्हा उजवीकडे वळलं.

त्याने वळवलं नव्हतं. गवत कापायच्या मशीनच्या दोन्ही मुठींवर नुसते हात टेकवून तो परसातल्या गुडघाभर गवतातून सरळ चालला होता. पण कुणी हाताला धरून न्यावं तसं मशीन हळूहळू उजवीकडे गेलं, एक मोठा गोल पुरा केला आणि निघालं होतं तिथेच येऊन थांबलं. बायको असाच गोल घ्यायची. ती गेल्यापासून या गवतात कुणी पाय ठेवला नव्हता.

त्याने इंजिन बंद केलं.

"बाबा, मशीन आहे ते, मेहुणी नाही," मुलगी पायरीवरून म्हणाली. "रुसलंय म्हणून नुसते बघत काय बसलात? उघडा की."

त्याने आधी चाकांची हवा पाहिली. दोन्हीकडे सारखीच होती. मुठींपासून चाकांकडे जाणाऱ्या तारा ओढून पाहिल्या. त्याही सारख्याच ताणलेल्या. मग त्याने वरचं झाकण काढलं.

मशीन त्यांनी जुनंच घेतलं होतं, बंद पडलेल्या एका मैदानाचं. नवरा-बायको दोघं मिळून लोकांच्या घरची हिरवळ कापून द्यायचे. आधी मशीन तो चालवायचा आणि भिंतीच्या कडेचं, मशीन पोहोचत नाही ते गवत ती बसून कात्रीने कापायची. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी कामं बदलून घेतली. तो बुटक्या स्टुलावर कडेला बसायला लागला, ती मशीनमागे चालायला लागली. मशीन तिच्या हाती देताना त्याने दोन्ही चाकं फिरवणारे पट्टे नवे घातले होते, एकाच दिवशी.

आता डावा पट्टा नव्यासारखा होता. त्याच्यावरची छापील अक्षरंही वाचता येत होती. उजवा घासून काचेसारखा गुळगुळीत झाला होता, कडांचे धागे सुटले होते. म्हणून ते चाक मागे राहत होतं आणि मशीन तिकडे ओढलं जात होतं. बिघाड साधा होता.

पण त्याचे हात थांबले. उजवी मूठ दाबली की उजवं चाक थांबतं, त्याचा पट्टा घासतो आणि मशीन उजवीकडे वळतं. डावी दाबली की डावीकडे. त्याने मुठींची रबरं चाचपली. उजवं सपाट झालं होतं. डाव्याच्या खाचा अजून बोटांना टोचत होत्या. एवढ्या काळात तिने डावी मूठ जवळजवळ दाबलीच नव्हती.

हे त्याने रोज डोळ्यांनी पाहिलं होतं. मशीनच्या उजव्या अंगाला कापलेलं गवत बाहेर फेकणारं तोंड असतं. म्हणून फेरी डावीकडून, डावीकडे वळत घ्यायची, म्हणजे गवत बाहेर, कापलेल्या जागेवर पडतं. ती उलटी फिरायची. गवत आत, न कापलेल्यावर पडायचं, पाती अडकायची, काम दुप्पट व्हायचं.

"डोकं गहाण ठेवलंय का?" तो ओरडायचा.

"अहो, तुम्ही तुमची कड बघा," ती म्हणायची आणि पुढे जायची.

डावी मूठ. डावा हात. ती हृदयविकाराने गेली होती. डॉक्टर म्हणाले होते, अचानक झालं, त्यांना कळलंही नसेल. त्या एका वाक्यावर तो जगत होता. आता ते वाक्य त्याच्या हातातून निसटलं. तिचा हात आधीपासूनच दुखत असणार. मूठ दाबवत नसणार. आणि तो सावलीत बसून तिला बोलत होता.

"आईचा डावा हात दुखायचा का गं?"

"नाही."

"तुला सांगितलं नसेल."

"मला? पाय दुखतात हे सांगायची, तुम्ही घोरता हे सांगायची, शेजारणीने वाटी परत केली नाही हेसुद्धा सांगायची. हाताचं कधीच नाही. भरल्या बादल्या त्याच हाताने उचलायची की."

त्याला ते पटलं नाही. बायका असली दुखणी अंगावर काढतात. त्याने नवा पट्टा बसवला, पण शेवटचा नट आवळताना पाना दोनदा घसरला.

"बसा तुम्ही," मुलगी म्हणाली. "मी चालवते."

तो सवयीने कुंपणाच्या पत्र्याशी स्टुलावर जाऊन बसला. मुलीने इंजिन सुरू केलं. मशीन सरळ चाललं. ती त्याने शिकवल्याप्रमाणे डावीकडून फेरी घेत आली. आवाज जवळ आला. मशीनची उजवी बाजू त्याच्यासमोरून जाऊ लागली आणि त्याच्या कानाजवळ पत्र्यावर टण्णकन काहीतरी आदळलं.

त्याने उठायला म्हणून जोर केला. गुडघा हललाच नाही. मशीनच्या तोंडातून उडालेला दुसरा खडा त्याच्या डोक्यावरून गेला. तो तिथेच बसून होता, बाजूलासुद्धा होता येत नव्हतं.

मुलीने इंजिन बंद करून धाव घेतली. "लागलं का? बाबा, बोला ना!"

तो पत्र्याला पडलेल्या खळग्याकडे बघत होता. ज्या ज्या भिंतीशी तो बसला होता, त्या सगळ्या एकेक करून त्याला आठवल्या. एकाही ठिकाणी त्याला खडा लागला नव्हता.

"उजवीकडून फेरी घे," तो म्हणाला.

"बाबा, पण तुम्हीच तर म्हणता, गवत आत पडतं, पाती अडकतात—"

"अडकू दे. मी कडेला बसायला लागल्यापासून तुझ्या आईने मशीनचं तोंड एकदाही माझ्याकडे होऊ दिलं नाही."