दोन नळांचं गणित

वही रंध्याच्या बाकावर आपटून कामवेंडो म्हणाला, "दहापैकी शून्य. मला."

मग चूक लक्षात आली तसं त्यानं सुधारलं, "म्हणजे, एलुबेला."

एलुबे त्याची सातवीतली मुलगी. वही देऊन ती समोरच गुडघे टेकून बसली होती, मान खाली. मोठ्या माणसाला काही द्यायचं तर पोरीनं गुडघ्यावर बसून, दोन्ही हातांनी द्यायचं, हे तिच्या आईनं, नाफिरीनं, तिला चालायला लागल्यापासून शिकवलं होतं. वळण म्हणजे वळण.

गेले तीन आठवडे एलुबेचा गणिताचा गृहपाठ कामवेंडोच करत होता. पोरीला शाळेतून यायलाच ऊन उतरायचं. कुठे होतीस विचारलं की म्हणायची, "चिराम्बो बाईंचं काम होतं." बोटं लालभडक. पुढचं विचारायची गरजच नव्हती. मास्तरांच्या घरी पोरी पाणी भरतात, अंगण झाडतात, सिमेंटच्या जमिनीला लाल पॉलिश लावून ती आरशासारखी घासतात, हे त्याच्या आईच्या वेळेपासून चालत आलेलं. वर पोरगी म्हणायची, हात दुखतो बाबा, गणितं तुम्ही करून द्याल का? कुठला बाप नाही म्हणेल?

शिवाय गावातली निम्मी दारं आणि जवळजवळ सगळ्या शवपेट्या त्यानंच मापात बसवल्या होत्या. पेटी आखूड झाली म्हणून आजवर एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केली नव्हती.

आणि तरी शून्य.

घोडं अडलं होतं ते नळांच्या गणितावर. एक नळ टाकी तीन तासांत भरतो, दुसरा सहा तासांत, दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? कामवेंडोनं ठणकावून लिहिलं होतं, नऊ तास. त्याखाली लाल शाईत शेरा होता: 'मदतीला दुसरा नळ आल्यावर वेळ वाढतो का?'

"गावात नळ एक," कामवेंडो म्हणाला, "तोही मंगळवारचा येतो. हिनं दुसरा नळ बघितलाय कुठे?"

नाफिरी चुलीवर न्सिमा घोटत होती. मक्याचं ते घट्ट पीठ पातेल्यातून सुटत आलं होतं. हात न थांबवता तिनं सुचवलं, की बाईंकडे जाऊन एकदा समजून घ्यावं. त्यावर कामवेंडोनं तिला आठवण करून दिली, की तो शाळेच्या पालक समितीचा अध्यक्ष आहे आणि अध्यक्ष समजून घ्यायला जात नसतो, समजावायला जातो.

पुढच्या खेपेला एक गुण मिळाला. त्याच्या पुढच्या खेपेला दोन. पण दोनाच्या खाली जो शेरा होता त्यानं घर पेटलं: 'गुणाकार बरा आहे. बाकी ज्यांची मदत घेतेस त्यांना म्हणावं, तुम्ही रंधाच मारा.'

कामवेंडोनं तो तीनदा वाचला. त्या दिवशी रागाच्या भरात त्यानं चर्चच्या पाळकसाहेबांच्या कपाटाला कडी आतल्या बाजूनं बसवली. पाळकसाहेब काही बोलायला गेले, तर त्यांनाच ऐकवलं, की तुम्हाला कपाट आहे तरी, मला तर अब्रूच उरली नाही.

मग तो तक्रार लिहायला बसला. जिल्ह्याच्या शिक्षण अधिकाऱ्याला अध्यक्षाच्या सहीचं एक पत्र गेलं, की काय होतं ते गावाला ठाऊक होतं. मागच्या वर्षीचे मास्तर अशाच एका पत्रानं सरोवरातल्या बेटावर जाऊन पडले होते, अजून परत आले नव्हते.

एलुबे कंदिलाची काच पुसत होती. ती हळूच म्हणाली, "शेरे खोडून टाकले तर चालेल का, बाबा?"

"खोडून? ज्यानं लिहिलं त्याला भोगू दे."

एलुबेनं काच आणखी बराच वेळ पुसली.

शुक्रवारी आंब्याखाली पालकांची सभा भरली. चिराम्बो बाई पाठीला तान्हं मूल बांधून कडेला उभ्या होत्या. कामवेंडोनं पत्र उघडलं आणि इतक्या चढ्या आवाजात वाचलं, की फांदीवरच्या कोंबड्या खाली उतरल्या. दोन नळ आले, रंधा आला, अध्यक्षपदाचा अपमान आला. पालक माना डोलवत होते. नळाचं गणित त्यांनाही सुटलं नव्हतं. शेवटी त्यानं कागद खाली केला आणि मनातलं बोलला.

"ज्या हातानं ही लाल अक्षरं लिहिली, त्या हाताला घरी कुणी वळण लावलेलं नाही. असल्या माणसाचा बाप कोण, ते मला एकदा बघायचंय. त्याला इथे सगळ्यांसमोर उभा करा, मग सही करतो."

टाळ्या पडल्या. चिराम्बो बाईंनी पाठीवरचं मूल सावरलं.

"वर्गात ब्याण्णव पोरं आहेत, अध्यक्ष," त्या म्हणाल्या. "जानेवारीपासून मी एकही वही उघडून बघितलेली नाही. ज्याचं गणित वर्गात सगळ्यात चांगलं, तो तपासतो. आजच्याही वह्या तिकडे मागच्या खोलीत तपासून होत आल्या असतील. बोलावू?"

"बोलवा," कामवेंडो म्हणाला, आणि सहीसाठी पेनाचं टोपण काढलं.

बाईंनी हाक मारली. डोक्यावर वह्यांचा ढीग घेऊन, बोटांच्या पेरांपर्यंत लाल झालेली एलुबे आली. तिनं ढीग उतरवला, वरची वही काढली आणि बापासमोर गुडघे टेकून, दोन्ही हातांनी पुढे केली. "आज तीन आलेत, बाबा. नळांचं तेवढं परत करून द्या."