शेपटीमागचा आवाज

वारा उठायच्या आत मालकांचं छोटं विमान हँगरमध्ये घ्यायचं होतं. मेकॅनिक पुढच्या चाकाला दांडा लावून ते मागे ढकलत होता. पुढून त्याला शेपटी दिसत नसे. तिथे त्याचा मेहुणा उभा राहून आवाज द्यायचा, आणि त्या आवाजावर हा डोळे मिटून विसंबायचा. बारा वर्षांची रीत होती ती.

"येऊ द्या... येऊ द्या... बस!"

चाकं थांबायच्या पिवळ्या रेघेपासून अजून दोन हात अलीकडेच होती. "आत्ताच कसलं बस?" म्हणत मेकॅनिक तणतणत मागे गेला.

कोणीतरी तिथे शिडी सोडून गेलं होतं. शेपटी तिच्यापासून बोटभर अंतरावर थांबली होती.

त्याला घाम फुटला, मग हसूच आलं. "वाचलो रे बाबा! नोकरीच गेली असती." मेहुणा कुठे दिसेना.

तेवढ्यात तो धापा टाकत दारातून आत आला, हेल्मेट अजून डोक्यावरच. "भावजी, वाटेत गाडी पंक्चर झाली. पण एकट्याने कशाला ढकललंत?"

मेकॅनिकने शेपटीमागच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "विमान वाचलं ना, मग झालं," तो म्हणाला, आणि त्याला खरंच हायसं वाटलं. त्याने शिडी उचलून बाजूला ठेवली. "मागे नको जाऊस. इथेच, माझ्याजवळ लाव हात."

दोघांनी दांडा धरला.

"येऊ द्या," शेपटीमागून मेहुण्याचा आवाज आला.

शेजारी मेहुण्याचे ओठ घट्ट मिटलेले होते.