टॅबिथाला रडू येईना

चित्रात एनॉक मेलेला होता, म्हणून जिवंत एनॉकला घराबाहेर काढलं होतं.

लंडनहून आलेल्या चित्रकाराला गावातली गरीब विधवा रंगवायची होती. काळा झगा त्याने स्वतःच आणला होता. तो घालून एनॉकची बायको टॅबिथा चुलीपाशी बसली होती. शेजारी एनॉकची खुर्ची रिकामी. सगळं जमून आलं होतं, फक्त बाईच्या डोळ्यांत पाणी येत नव्हतं.

"बाई, नवरा गेलाय तुमचा," चित्रकार काकुळतीला आला. "आणा ना जरा डोळ्यांसमोर."

टॅबिथाने डोळे मिटले. बाहेर एनॉकने खिडकीच्या काचेला नाक लावलं. तीस वर्षांच्या संसाराचा आज निकाल लागणार होता. टॅबिथाचा चेहरा हळूहळू इतका शांत झाला, की रविवारच्या प्रवचनातसुद्धा तिला एवढी छान डुलकी लागली नसेल.

चित्रकाराने कपाळाला हात लावला. "बरं, नवरा राहू द्या. समजा, तुमची डुकरीण मेली."

टॅबिथाने असा हंबरडा फोडला की मांजर अंगणात पळालं. "अगं माझे राणी! तीन आठवड्यांनी कापायची होती गं तुला! आता हिवाळाभर खायचं काय?"

अश्रू घळाघळा वाहू लागले. चित्रकाराचा कुंचला भराभर चालू लागला.

एनॉक तडक परसातल्या डुकरिणीच्या खोपटाशी गेला. ती सालं चघळत होती. सवतीकडे बघावं तसा तो तिच्याकडे बघत राहिला.

थोड्या वेळाने टॅबिथा नाक पुसत बाहेर आली. "तोंड पाडायला काय झालं तुला?"

"डुकरिणीसाठी गाव गोळा केलंस. माझ्यासाठी एक टिपूस नाही."

"अरे खुळ्या, ती मेली तर काय करायचं ते ठाऊक आहे मला. तुझ्या गळ्यात पडून रडायचं. तू मेलास तर कुणाच्या गळ्यात पडू? डोळे मिटून किती शोधलं, कुणी दिसेचना."

एवढं बोलून ती वाकून डुकरिणीची पाठ खाजवायला लागली. एनॉकही तिच्या शेजारी डुकरिणीकडे तोंड करून वाकला. डोळ्यांतलं पाणी सरळ मिशांत उतरलं.

तेवढ्यात दार धाडकन उघडून चित्रकार वही घेऊन पळत आला.

"बाई, तुम्ही बाजूला व्हा!" तो ओरडला. "आणि तुम्ही हलू नका! डुकरिणीकडे बघून असंच रडत राहा!"