लाल बोये

मच्छीमारांच्या जाळ्यांना बांधायचे प्लास्टिकचे तरंगते बोये ती रंगवून द्यायची. प्रत्येक घराचा रंग वेगळा. पाण्यावर जाळं कुणाचं, त्यावरून लांबूनच कळायचं. आज दारात लाल बोयांचं पोतं घेऊन जी बाई उभी राहिली, तिच्यासाठीच हिचा नवरा घर सोडून गेला होता. "ताई, ते म्हणतात, लाल नको. निळा द्या." आतून सासूबाई कडाडल्या, "आण पोतं, तिच्याच डोक्यावर ओतते!" तिने पोतं ठेवून घेतलं. "उद्या या. जुना खरवडल्याशिवाय नवा रंग धरत नाही." बाई गेल्यावर ती पॉलिश पेपर घेऊन घासायला बसली. राग येईल, रडू येईल, म्हणून वाट पाहिली. काहीच आलं नाही. लाल भुकटी मांडीवर साचत राहिली. सासूबाई येऊन शेजारी बसल्या. "तुझ्या सासऱ्यांनी निवडला होता हा आपल्या घराचा रंग." मग पदर खोचला. "दे इकडे. एकटीने कधी संपायचं?"