शेजारची सीट

शर्यतीत पाव मैल सरळच पळणाऱ्या गाडीचं वजन घटावं म्हणून डेलबर्टने शेजारची सीट काढली. ती बायकोने, लव्हॉनने, ओसरीवर मांडली आणि पन्नास वर्षं तिच्यावर बसून मटार सोलले. गाडीत मात्र लव्हॉन कधीच बसली नाही. शर्यतीआधी तापलेल्या टायरांच्या धुरात समोर उभी राहून हातवारे करत ती त्याची गाडी सुरुवातीच्या रेषेवर सरळ आणून लावायची. म्हातारपणी गाडी मूळ रूपात आणताना त्याने तशा सीटसाठी सगळं ओहायो पालथं घातलं. शेवटी लव्हॉनच म्हणाली, “अरे वेड्या, मी कशावर बसलेय?” आज ती सीट गाडीत होती आणि सीटवर लव्हॉन. डेलबर्ट इंजिन सुरू करून समोर बघत थांबला. “निघ की!” “तुझे हात दिसत नाहीत. तुझ्यामुळेच सरळ गेलो गं आयुष्यभर.” तिने हात उचलला. “मग आज जरा डावीकडे वळ. नदी बघू.”