खिडकीतला कप

नवरा-बायकोत एचआयव्ही कसा पसरतो, या संशोधनासाठी मी शुक्रवार पेठेतल्या शिवपुत्रच्या घरी गेले होते. त्याच्या आईनं, नागव्वानं, आम्हा सगळ्यांना चहा दिला. सून सिद्धेश्वरीचा कप मात्र वेगळा, कान तुटलेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा खिडकीत ठेवलेला, वर माश्या बसलेल्या.

"मावशी, उष्ट्या कपानं हा रोग होत नाही. किती वेळा सांगायचं?"

"ठाऊक हाय की, म्याडम. आन् तिला कुटं हाय? माझ्या शिवपुत्रालाच हाय."

"मग कप तिचा का वेगळा?"

नागव्वानं बिस्किटांची बशी माझ्यापुढं सरकवली.

 

"उद्या गल्लीत बोभाटा झालाच, तर लोकांनी तिलाच नावं ठेवाय पायजेत की!"